भाषा आणि पेढी

भाषेसाठी आयुष्य वेचलेल्या माणसांची यादी करायला बसलो तर तिच्यात कवी येतात, शाळामास्तर येतात, धर्मोपदेशक आणि कोशकार येतात. व्यापारी सहसा येत नाही. उलट भाषा बुडवणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव आपण डोळे झाकून घालतो. गिऱ्हाईक बोलेल ती त्याची भाषा, नफा दिसला की आजीची बोली माळ्यावर टाकायला त्याला क्षण लागत नाही, असा आपला पक्का समज. हा समज तपासून पाहायला आल्प्समधला एक माणूस फार उपयोगी पडतो. त्याचे नाव फ्रान्त्स मोरोडर. धंदा व्यापाराचा, हौस गावच्या राजकारणाची, आणि ध्यास लादिन भाषेचा.

उत्तर इटलीत डोलोमाइट पर्वतरांगेत सेल्ला नावाचा प्रचंड कातळी डोंगर आहे. त्याच्या चहूबाजूंनी उतरणाऱ्या दऱ्यांमध्ये, म्हणजे घेर्देइना, बादिया, फास्सा, फोदोम आणि जरा पलीकडच्या आम्पेत्सोमध्ये, लादिन बोलली जाते. बोलणारे सगळे मिळून ३० हजारांच्या आसपास. आपल्याकडे एवढी वस्ती एखाद्या तालुक्याच्या गावात मावते. लॅटिनमधून निघालेली ही भाषा. स्वित्झर्लंडमधली रोमान्श आणि ईशान्य इटलीतली फ्रिउलियन या तिच्या जवळच्या. घेर्देइना दरीतल्या मुख्य गावाला लादिनमध्ये ऊर्तिजेइ म्हणतात, जर्मनमध्ये सांक्ट उलरिख आणि इटालियनमध्ये ओर्तिझेई. मोरोडर या गावचा. गावात मोरोडर आडनावाची घरे इतकी की नुसत्या आडनावाने कोणाचा पत्ता लागणे कठीण. म्हणून आडनावापुढे घराचे नाव लावतात. हा लेनर्ट घरचा. १८४७ ते १९२० हा त्याचा काळ. तो जन्मला आणि मोठा झाला तेव्हा दरी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात, टिरोल प्रांतात होती. त्याने डोळे मिटले तेव्हा ती इटलीची झाली होती.

या माणसाला समजून घ्यायचे तर आधी तिथला धंदा समजून घ्यावा लागतो. दरीत शेतीलायक जमीन थोडी, हिवाळा लांब, आणि भोवती लाकूड मुबलक. सतराव्या शतकापासून तिथे लाकूड कोरण्याची कला वाढली आणि पुढे तिचा घरोघरचा उद्योग झाला. विक्रेते पाठीवर लाकडी घोडी बांधून, तिच्यावर माल लादून डोंगर ओलांडायचे. इटली, जर्मनी, स्पेन, पोर्तुगाल अशा देशांत घेर्देइनाच्या माणसांनी दुकाने थाटली. एकोणिसाव्या शतकात खेळण्यांचा धंदा भरभराटीला आला. इंग्लंडमध्ये 'डच डॉल' म्हणून विकली जाणारी, हातपाय हलणारी लाकडी बाहुली प्रत्यक्षात या दरीतून जायची. राणी व्हिक्टोरियाने लहानपणी जमवलेला शंभरावर बाहुल्यांचा संग्रह प्रसिद्ध आहे. त्या अशाच लाकडी बाहुल्या.

१८७२ च्या उन्हाळ्यात अमेलिया एडवर्ड्स ही इंग्रज लेखिका इथे येऊन गेली. पुर्गर आणि 'इन्साम व प्रिनोट' या मोठ्या व्यापाऱ्यांची कोठारे तिने पाहिली. मजल्यामागून मजले बाहुल्या, घोडे, गाड्या, जनावरे यांनी खच्चून भरलेले. तिने एका म्हाताऱ्या बाईबद्दल लिहिले आहे. ही बाई जन्मभर फक्त सहा प्राणी कोरत आली: मांजर, कुत्रा, लांडगा, मेंढी, बकरी आणि हत्ती. आईने शिकवले, आईला तिच्या आईने. समोर नमुना नाही, चित्र नाही. आल्प्सच्या कुशीतल्या त्या घरात आजीकडून नातीकडे हत्ती कसा उतरत गेला असेल याची कल्पना मला मोठी लोभस वाटते. पण एडवर्ड्सबाईंच्या वर्णनावर भाळून जाऊ नये. ठरलेली सहा जनावरे जन्मभर कोरत बसणे म्हणजे ठरलेल्या दराने राबणे. मालाचा भाव ठरवायचा व्यापारी, आणि कोरणाऱ्याला दुसरे गिऱ्हाईक सहसा नसायचे. घेर्देइनाचा व्यापारी कोणी संत नव्हता.

तरीही भाषेच्या बाजूने पाहिले तर या व्यवस्थेत एक गोष्ट मोलाची होती. माल बाहेर जायचा जर्मन, इटालियन, स्पॅनिश, इंग्रजी बोलणाऱ्यांकडे. पण तो तयार व्हायचा आणि गोळा व्हायचा लादिन बोलणाऱ्यांमध्ये. व्यापारी आणि कारागीर यांच्यातली घासाघीस, उचल, तक्रार, हिशेब हे सगळे घरच्या भाषेत. दरीच्या अर्थव्यवहाराचे अर्धे अंग लादिनमध्ये चालत होते. केवळ चूल आणि देवघर यांच्यापुरत्या उरलेल्या भाषेपेक्षा अशा भाषेची तब्येत वेगळी असते. पुढचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. धर्मोपदेशकाला बिशपची मर्जी सांभाळावी लागते, शिक्षकाची बदली होते, कारकुनाला वरच्या कार्यालयाची भाषा पाळावी लागते. व्यापाऱ्याची भाकरी यांपैकी कोणाच्याच हातात नव्हती. दरीत स्वतंत्र बुद्धीने बोलण्याची ऐपत ज्या थोड्यांना होती, त्यांत तो होता.

याआधी लादिनसाठी कोणी काही केले नव्हते असे नाही. बादिया दरीतला पाद्री मिकुरा दे र्यू याने १८३३ मध्येच सगळ्या दऱ्यांसाठी एक सामाईक लिखित लादिन घडवण्याचा प्रयत्न केला होता. त्याचे हस्तलिखित दीर्घकाळ छापलेच गेले नाही. १८६४ मध्ये घेर्देइना दरी, तिथला माणूस आणि त्याची भाषा यांवरचे एक पुस्तक बोत्सेनमध्ये निघाले. लेखक योझेफ आन्तोन व्हियान, तोही धर्मोपदेशक. पण पुस्तकावर नाव न घालता 'एक स्थानिक' एवढेच छापले. १८७९ मध्ये थिओडोर गार्टनर या भाषाशास्त्रज्ञाने घेर्देइनाच्या बोलीवर ग्रंथ लिहिला. म्हणजे एक पाद्री हस्तलिखितात अडकला, दुसऱ्याने नाव झाकले, आणि तिसरा होता बाहेरचा विद्वान. मोरोडरने १८९१ मध्ये 'दास ग्रोड्नर ताल' हे आपल्या दरीवरचे पुस्तक प्रसिद्ध केले ते स्वतःच्या नावाने. जर्मन-ऑस्ट्रियन आल्पाइन क्लबच्या स्थानिक शाखेने ते काढले. इतिहास, उद्योग, माणसे, डोंगरवाटा, भाषा असा त्याचा ऐवज.

आणि हे पुस्तक जर्मनमध्ये आहे.

भाषाभिमानी वाचक इथे अडखळेल. लादिनचा कैवारी, आणि त्याची मुख्य कृती जर्मनमध्ये? ही विसंगती आहे, पण ढोंग नाही, असे माझे मत आहे. दरीतल्या माणसाला आपली भाषा आहे हे सांगण्याची गरज नव्हती. तो ती बोलतच होता. ते पटवायचे होते टिरोलच्या अधिकाऱ्याला, इन्सब्रुकच्या प्राध्यापकाला, उन्हाळ्यात डोंगर चढायला येणाऱ्या जर्मन पाहुण्याला. ज्याला माल पटवायचा त्याच्या भाषेत बोलायचे, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. मोरोडरने आपल्या भाषेची बाजू मांडतानाही तेच केले. शिवाय त्याच्या पिढीतल्या शिकलेल्या लादिन माणसाला जर्मन परकी वाटत नव्हती. तो स्वतःला टिरोलचा समजायचा आणि लादिनही समजायचा; या दोहोंत भांडण आहे असे त्याला वाटत नव्हते. एका माणसाला एकच भाषा असते आणि बाकीच्या त्याने नाइलाजाने शिकलेल्या असतात, ही राष्ट्रवादाने रुजवलेली कल्पना आहे. पाठीवर माल घेऊन चार देश फिरलेल्या दरीला ती मुळात पटण्यासारखी नव्हती.

पण पाऊणशे घरांची असो की पाच दऱ्यांची, भाषेला सरकारदरबारी नाव लागते. ऑस्ट्रियाच्या जनगणनेत भाषेच्या रकान्यात 'इटालियन-लादिन' असा एकत्र गट असायचा. म्हणजे कागदावर लादिन माणूस इटालियनांच्या पोटात जायचा. आणि नेमक्या त्याच काळात इटालियन राष्ट्रवादी टिरोलवर हक्क सांगू लागले होते. अशा वेळी रकान्यातली एक आडवी रेघ हा विद्वानांचा बारीकसारीक वाद राहत नाही. त्यावरून सीमारेषा ठरतात. व्यापाऱ्याच्या वहीची सवय असलेल्या माणसाला खाते कोणाच्या नावावर पडले याचे महत्त्व बरोबर कळते. भाषाप्रेमातून राजकारणाकडे जाण्याची वाट इथून निघते.

विद्वानांचा वादही चालू होताच. ग्रात्सियादिओ इसाइया आस्कोली या थोर इटालियन भाषाशास्त्रज्ञाने १८७३ मध्ये 'सादजी लादिनी' हा दीर्घ निबंध लिहून रोमान्श, डोलोमाइटमधली लादिन आणि फ्रिउलियन यांना एका वेगळ्या भाषासमूहात बसवले. पुढे कार्लो बात्तिस्तीने उलट बाजू लढवली: या वेगळ्या भाषा नव्हेत, उत्तर इटलीच्या बोलींचेच हे जुनाट रूप. बोली की भाषा, हा वाद मराठी वाचकाला काही नवा नाही. सिनेमावेड्या वाचकाला मात्र बात्तिस्ती वेगळ्या कारणाने ठाऊक असेल. व्हित्तोरिओ दे सिकाच्या १९५२ च्या 'उंबेर्तो डी'मधला, कुत्र्याला घेऊन फिरणारा तो हळवा म्हातारा म्हणजे हाच प्राध्यापक. पडद्यावर त्याने साऱ्या जगाला रडवले. दक्षिण टिरोलच्या इटालियनीकरणाचा सूत्रधार एत्तोरे तोलोमेई याच्या वर्तुळात राहून त्याने मांडलेले भाषाशास्त्र लादिन माणसाला मात्र फार महाग पडले.

मोरोडरच्या उतारवयात चळवळीला आकार येऊ लागला. १९०५ मध्ये इन्सब्रुकमध्ये शिकणाऱ्या लादिन तरुणांच्या भोवती लादिनांची संघटना उभी राहिली. त्याच वर्षी मोरोडर घराण्याच्याच दुसऱ्या शाखेतल्या विल्हेल्म मोरोडर-लुझेनबेर्गने 'लामिक दि लादिन्स', म्हणजे लादिनांचा मित्र, हे लादिनमधले पहिले वर्तमानपत्र काढले. मोजके अंक निघाले आणि बंद पडले. मग महायुद्ध. मे १९१५ मध्ये इटली युद्धात उतरली आणि आघाडी थेट लादिन दऱ्यांतून गेली. फोदोमच्या माथ्यावरचा कोल दि लाना हा डोंगर सुरुंग लावून उडवला गेला. आघाडीला रसद पोचवायला ऑस्ट्रियाच्या सैन्याने रशियन युद्धकैद्यांकडून घेर्देइनात छोटी रेल्वे बांधून घेतली. बाहुल्या पोचवायला जी रेल्वे मिळाली नव्हती ती तोफगोळ्यांसाठी काही महिन्यांत आली.

सप्टेंबर १९१९ च्या सां-जेर्माँ तहाने दक्षिण टिरोल इटलीकडे गेले. ५ मे १९२० रोजी दऱ्यादऱ्यांतले लादिन प्रतिनिधी घेर्देइना खिंडीत जमले आणि निळा, पांढरा, हिरवा असा आपला झेंडा त्यांनी उभारला. वरचे आकाश, मधला बर्फ, खालची कुरणे. मोरोडरचा मृत्यू त्याच वर्षातला. कोणी म्हणेल, सगळे हरल्यावर झेंडा उभारून काय साधले? मला तो झेंडा त्या पिढीचा सर्वांत व्यवहारी निर्णय वाटतो. आतापर्यंत टिरोलच्या सावलीत लादिन असणे भागत होते. आता सावली गेली होती. स्वतःच्या नावाने उभे राहण्याखेरीज वाट नव्हती.

पुढची कहाणी भराभर सांगतो, कारण ती बऱ्याच अंशी परक्यांच्या निर्णयांची आहे. फासिस्ट राजवटीने १९२३ मध्ये आम्पेत्सो आणि फोदोम बेल्लुनो प्रांताला जोडले. १९२७ मध्ये बोल्त्सानो हा नवा प्रांत केला तेव्हा घेर्देइना आणि बादिया त्यात गेल्या, फास्सा त्रेंतोत राहिली. एका डोंगराभोवतीची भाषा तीन प्रांतांत वाटली गेली. १९३९ मध्ये हिटलर-मुसोलिनी करारानुसार लोकांना 'निवड' करावी लागली: जर्मनीला जा, नाहीतर इथे इटालियन म्हणून राहा. घेर्देइनातल्या बहुसंख्यांनी जर्मनीच्या बाजूने कौल दिला. लादिन म्हणून राहण्याचा पर्याय अर्जावर नव्हता. १९४६ च्या पॅरिस करारात जर्मनभाषकांना संरक्षण मिळाले. त्यात लादिनांचा उल्लेखही नाही.

तरीही लादिन उभी राहिली. १९४८ पासून घेर्देइना आणि बादियातल्या शाळांची घडी अशी बसली की जर्मन आणि इटालियनचे तास समसमान, आणि लादिन दोहोंच्या जोडीला, आठवड्यातून थोडे तास. शुद्ध भाषाभिमान्याला ही तडजोड अपुरी वाटते. आपल्याच भाषेच्या शाळेत आपल्या भाषेला सर्वांत कमी वेळ! तक्रार खोटी नाही. पण या शाळेतून निघणारे मूल तीन भाषांत वावरते, आणि आईबापांना 'लादिन की पोटपाणी' असा प्रश्न पडत नाही. १९७२ च्या स्वायत्तता कायद्याने प्रांतिक विधिमंडळात लादिनांची जागा पक्की केली. १९८९ मध्ये या दोन दऱ्यांत लादिन प्रशासनाची भाषा झाली. सरकारी नोकऱ्या भाषागटांच्या प्रमाणात वाटल्या जातात, त्यामुळे जनगणनेत स्वतःला लादिन म्हणवण्याला ठोस किंमत आली. २०११ च्या गणनेत बोल्त्सानो प्रांतातल्या ४.५३ टक्के लोकांनी तसे म्हटले. ऊर्तिजेइत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर आहे. नोकरीसाठी भाषा सांगतात, ही काय भक्ती, असे नाक मुरडणारे भेटतात. मला त्यात कमीपणा दिसत नाही. भाषेच्या खात्यावर काही जमा होत असेल तर माणसे ते खाते बंद करत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

पाच दऱ्यांच्या पाच तऱ्हा, म्हणून एक सामाईक प्रमाण लादिन असावी ही मिकुरा दे र्यूची जुनी आस विसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा वर आली. झ्युरिकचे भाषातज्ज्ञ हाइनरिख श्मिड यांनी 'लादिन दोलोमितान'ची मार्गदर्शिका १९९८ मध्ये दिली. २००३ मध्ये बोल्त्सानोच्या सरकारने मात्र ठरवले की कारभारात घेर्देइनाची आणि बादियाची, अशी दोन रूपेच चालतील. मला हा निर्णय आखूड नजरेचा वाटतो. ३० हजार माणसांच्या भाषेला दोन-दोन, चार-चार प्रमाणरूपे परवडत नाहीत. प्रत्येक पाठ्यपुस्तक, प्रत्येक शब्दकोश त्यामुळे महाग पडतो. इथे दरीचा अभिमान दरीपुरताच विचार करून गेला, आणि मोरोडरचा वारसा सांगणारी घेर्देइनाही त्याला अपवाद नव्हती.

आता माझ्या मांडणीवरचा सर्वांत कठीण आक्षेप. समृद्धीमुळे भाषा तगते, तर कोर्तिना दाम्पेत्सोचे काय? आम्पेत्सोचे हे गाव घेर्देइनाहून अधिक नावाजलेले. १९५६ चे हिवाळी ऑलिम्पिक तिथे झाले, २०२६ च्या ऑलिम्पिकच्या नावातही कोर्तिना आहे. पैसा, पर्यटन, प्रतिष्ठा, कशाचीच वाण नाही. आणि लादिन मात्र तिथे मागे मागे हटत गेली. म्हणजे पेढी असली की भाषा वाचते हे म्हणणे तोकडे पडते. दोन्हीकडे पर्यटक सारखेच येतात, बर्फ सारखाच पडतो. फरक प्रांताचा आहे. ऊर्तिजेइला लादिनच्या तासांची शाळा, राखीव जागा, लादिनमधून लिहिलेल्या अर्जाला लादिनमधून उत्तर देण्यास बांधलेले कार्यालय मिळाले. बेल्लुनो प्रांतातल्या कोर्तिनाला यांपैकी काही मिळाले नाही. १९९९ च्या राष्ट्रीय कायद्याने तिथल्या लादिनांनाही अल्पसंख्य भाषक म्हणून मान्यता दिली खरी, पण त्या कायद्याचा आधार घेऊन बेल्लुनोतल्या इतर अनेक नगरपालिकांनीही स्वतःला लादिन जाहीर केले आणि मान्यतेचा अर्थच पातळ झाला.

म्हणून मोरोडरच्या वर्णनात 'व्यापारी' या शब्दाला 'राजकारणी' हा शब्द जोडलेला आहे हे विसरून चालणार नाही. पैशाने माणसाला आपल्या भाषेची लाज वाटेनाशी होते. हे थोडे नाही, पण तेवढेच होते. भाषा पुढच्या पिढीच्या शाळेत, कचेरीत आणि पगारात उतरवायला कायदा लागतो, आणि कायदा मिळवायला कोणीतरी सभेत उठून उभे राहावे लागते. उद्योगपतींनी साहित्य संमेलनाला देणगी दिली की भाषेचे काम झाले असे मानणाऱ्यांनी ऊर्तिजेइ आणि कोर्तिना या दोन गावांची तुलना जरूर करून पाहावी. अंतर फार नाही. गाडीने दीड-दोन तासांचा घाट.

कोर्तिनाच्या लोकांना हे कळलेले आहे. २००७ च्या ऑक्टोबरात कोर्तिना, फोदोम आणि कोल्ले सान्ता लुचिया या तीन नगरपालिकांत सार्वमत झाले: बेल्लुनो सोडून बोल्त्सानो प्रांतात, म्हणजे आपल्या लादिन भाईबंदांत, जायचे का? मोठ्या बहुमताने लोक 'हो' म्हणाले. त्या तिन्ही नगरपालिका आजही बेल्लुनोतच आहेत.